गावची भांडी आणि घरचा संगणक

मे महिन्याची सुट्टी लागली की आमच्याकडे नातू येतो, आणि तो आला की घरातला संगणक माझा राहत नाही. एरवी त्या संगणकाला कामे ती किती? सकाळचे वर्तमानपत्र, विजेचे बिल आणि आमच्या सोसायटीचा जमाखर्च. सुट्टीत मात्र त्याच्यापुढची खुर्ची रिकामी म्हणून सापडायची नाही.

काही वर्षांपूर्वीच्या अशाच एका सुट्टीत नातवाला माळ्यावरच्या खोक्यात एक डीव्हीडी मिळाली. त्याच्या मामाच्या कॉलेजच्या दिवसांतला, २०११ सालचा, मोटारींच्या शर्यतीचा खेळ होता तो. "आजोबा, लावू?" "लाव की." संगणक अर्धा तास घरघरत राहिला. मध्येच पडद्यावर इंग्रजीत काही लांबलचक मजकूर आला आणि खाली होय-नाहीची दोन बटणे. नातवाने माझ्याकडे पाहिले. मी चहा घेत होतो. "काय म्हणतंय?" "डायरेक्टएक्स म्हणून काहीतरी आहे, ते पण घालू का, असं विचारतंय." मी म्हटले, "आपल्याला शर्यत खेळायची आहे ना? मग नसत्या गोष्टी कशाला भरायच्या? नाही म्हण." त्याने नाही म्हटले.

आज जे सांगायचे आहे, ते सगळे या एका 'नाही'पासून सुरू होते.

खेळ संगणकात बसला. नातवाने मोठ्या उत्साहाने त्यावर दोनदा टिचकी मारली. मोटारी आल्याच नाहीत. आली ती एक लहानशी चौकट. तिच्यातल्या इंग्रजी मजकुराचा मतलब असा, की 'डी३डीएक्स९_४३.डीएलएल' ही फाईल या संगणकात नसल्यामुळे हा प्रोग्राम सुरू होऊ शकत नाही. नातू म्हणाला, "पण आजोबा, आपला संगणक तर नवा आहे! मामाच्या जुन्या संगणकावर हा खेळ चालायचा, मग नव्यावर का नाही?"

प्रश्न अगदी रास्त होता. उत्तर मला तेव्हा ठाऊक नव्हते. ते पुढे, बरेच काही गमावल्यावर समजले. पण तुम्हाला ते आधीच सांगतो.

आपल्यापैकी जे खेड्यात वाढले, त्यांना देवळातली गावची भांडी आठवत असतील. तांब्यापितळेची मोठी पातेली, घंगाळी, परातींची उतरंड. ही भांडी कोणा एकाची नसत. ज्याच्या घरी कार्य निघे, तो ती घेऊन जाई आणि कार्य उरकले की घासूनपुसून परत आणून ठेवी. त्यामुळे प्रत्येक घराला पन्नास पानांचे पातेले विकत घ्यावे लागत नसे. आचारी येई तो आपला झारा आणि हातचे कसब घेऊन. भांडी गावची असणार, हे त्याने धरलेलेच असे.

संगणकातही असाच व्यवहार आहे. डीएलएल या तीन अक्षरांनी संपणारी फाईल म्हणजे गावचे भांडे. ती कोणा एका प्रोग्रामची नसते. अनेक प्रोग्राम तिच्यावर आपापले काम भागवतात. तुमचा खेळ हा बाहेरून आलेला आचारी. मोटार कशी रंगवायची, रस्ता कसा वळवायचा, हे त्याला ठाऊक असते. पण त्यासाठी लागणारे पातेले घरात असेल, असे तो गृहीत धरतो. ते नसले की तो चुलीपाशी बसून राहतो आणि म्हणतो, "त्रेचाळीस नंबरचं पातेलं आणा, मग बघू."

ही व्यवस्था का निर्माण झाली, ते समजून घेण्यासारखे आहे. संगणकावर विंडोज यायच्या आधी डॉस नावाची प्रणाली होती. त्या काळी खेळ लिहिणारा माणूस थेट यंत्राशीच बोले. पडद्यावर चित्र काढणारे कार्ड आणि आवाज काढणारे कार्ड, प्रत्येक कारखानदाराचे निराळे आणि प्रत्येकाची भाषाही निराळी. खेळ सुरू करताना 'तुमचे साउंड कार्ड कोणते?' असा प्रश्न येई आणि समोर एक भलीमोठी यादी. चुकीचे नाव निवडले की खेळ मुका! मग विंडोज आले. विंडोज यंत्राच्या आणि खेळाच्या मध्ये उभे राहिले. पत्रे लिहायला आणि हिशेब करायला हे सोयीचे होते. पण खेळाला वेग हवा असतो, आणि मधल्या माणसामुळे वेग जातो. १९९४ च्या नाताळात 'द लायन किंग' या चित्रपटावरचा एक खेळ अमेरिकेत घरोघरी गेला. पुष्कळ संगणकांच्या चित्रव्यवस्थेशी त्याचे जुळेना, आणि भेट उघडून बसलेल्या मुलांची निराशा झाली.

मायक्रोसॉफ्टमधले क्रेग आयस्लर, ॲलेक्स सेंट जॉन आणि एरिक एंगस्ट्रॉम हे तिघे तेव्हा याच दुखण्यावर औषध शोधत होते. २४ ऑगस्ट १९९५ रोजी विंडोज ९५ बाजारात आले, आणि पुढच्याच महिन्यात, ३० सप्टेंबरला, या मंडळींच्या कामाची पहिली आवृत्ती बाहेर पडली. चित्रासाठी डायरेक्टड्रॉ, आवाजासाठी डायरेक्टसाउंड, खेळगड्यांना जोडण्यासाठी डायरेक्टप्ले, अशी एकेका भागाची नावे होती. 'डायरेक्ट' पुढे काहीही लावा, म्हणून सगळ्यांचे मिळून नाव डायरेक्टएक्स. २००१ साली आलेल्या एक्सबॉक्स या खेळयंत्राच्या नावातला 'एक्स'ही इथलाच. आता खेळ लिहिणाऱ्याने शंभर कार्डांच्या शंभर भाषा शिकायला नकोत. त्याने डायरेक्टएक्सची एकच भाषा बोलावी, कार्डवाल्यानेही तीच समजून घ्यावी, आणि वेगही जाऊ नये, अशी ही योजना. ती टिकली. २००२ च्या अखेरीस नववी आवृत्ती आली, २००९ मध्ये विंडोज ७ बरोबर अकरावी आणि २०१५ मध्ये विंडोज १० बरोबर बारावी.

मग नव्या संगणकात बारावी आवृत्ती असताना नवव्या आवृत्तीची फाईल नाही, ती का? खोच आहे ती इथेच. मूळ डायरेक्टएक्स विंडोजबरोबरच येते, नववीचा मूळ भागसुद्धा. पण तिच्याखेरीज खेळ लिहिणाऱ्यांच्या सोयीसाठी एक मदतनीस संच होता. त्याचे नाव डी३डीएक्स. फेब्रुवारी २००५ पासून तो निराळ्या डीएलएल फायलींच्या रूपाने येऊ लागला. पहिलीचा नंबर चोवीस. पुढे सुधारणा होत गेल्या तसा नंबर वाढत गेला, आणि जून २०१० मध्ये त्रेचाळीसवर येऊन थांबला. या फायली विंडोजच्या अंगच्या नव्हेत. विंडोज कितीही नवे असो, त्या वेगळ्या आणून ठेवाव्या लागतात. शिवाय आचारी हट्टी! ज्या खेळाने एकेचाळीस नंबर मागितला, त्याला त्रेचाळीस चालत नाही. त्याला एकेचाळीसच हवा. मामाच्या जुन्या संगणकावर अनेक खेळ येऊन गेले होते आणि येताना त्यांनी आपापली भांडी आणून ठेवली होती. आमचा संगणक नवा, म्हणूनच त्याची मांडणी रिकामी.

हे ज्ञान मला त्या संध्याकाळी नव्हते. नातवाने फाईलचे नाव शोधचौकटीत टाकले, आणि क्षणात दहा ठिकाणे सापडली, जिथे ही एवढी एकच फाईल फुकट मिळत होती. "आजोबा, मिळाली!" मला कौतुक वाटले. त्याने एका ठिकाणची फाईल उतरवून घेतली. तिच्यासोबत 'ही फाईल योग्य जागी बसवून देणारा' म्हणून आणखी एक प्रोग्राम आला. संगणकाने विचारले, 'या प्रोग्रामला तुमच्या यंत्रात बदल करण्याची परवानगी द्यायची का?' परवानगीचा पासवर्ड माझ्याकडे होता. मी चष्मा सावरला आणि माझ्या हाताने तो घातला.

खेळ तरीही चालला नाही. या खेपेला शेवटी '७ बी' असलेल्या लांबलचक आकड्याची दुसरीच चौकट आली. आणि दुसऱ्या दिवसापासून संगणकाचे चित्त ठिकाणावर राहिले नाही. काही न करता जाहिराती उघडू लागल्या. बँकेचे पान उघडायला गेलो तर भलतेच पान समोर. मी घाबरून फोन करून बँकेचा पासवर्ड बदलून घेतला. दुरुस्ती करणारे गृहस्थ आले, तासभर बसले आणि म्हणाले, "काका, हे आता उपसून काढण्यात अर्थ नाही. सगळं पुसून नव्यानं भरावं लागेल. तुमच्या फायलींची दुसरीकडे नक्कल आहे ना?"

सोसायटीच्या हिशेबाची होती. बाकी बरेचसे मुलीकडे होते. पण माझ्या वडिलांच्या अखेरच्या वर्षातली काही छायाचित्रे फक्त त्या संगणकात होती, आणि तीही त्या आगंतुक प्रोग्रामने वाचता येणार नाहीत अशी करून ठेवली होती. अंगणात उन्हाला बसलेले, मांडीवर या नातवाला घेतलेले वडील. ती गेली. नातू त्या दिवशी जेवला नाही. "माझ्यामुळे झालं ना?" म्हणाला. मी त्याला जवळ घेऊन खरे ते सांगितले. "बाळ, तू विचारलंस दोनदा. न वाचता उत्तर दिलं ते मी. पहिल्यांदा 'नाही' म्हणायला नको होतं, तिथं 'नाही' म्हटलं. दुसऱ्यांदा 'हो' म्हणायला नको होतं, तिथं 'हो' म्हटलं."

श्रोतेहो, घरोघरी हीच चौकट येते आणि घरोघरी हीच चूक होते, म्हणून हे घरातले गाऱ्हाणे तुमच्यापुढे मांडले. आता योग्य रीत कोणती, ती क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट, चौकट बंद करू नका. ती आधी वाचा, आणि हरवलेल्या फाईलचे नाव कागदावर उतरवून घ्या. नावाच्या सुरुवातीला 'डी३डीएक्स', 'एक्सइनपुट१_३' किंवा 'एक्सऑडिओ२_७' असे काही असेल, तर बहुतेक हेच दुखणे आहे, आणि त्याला एकच औषध.

दुसरी गोष्ट, भांडे शोधायला गावभर हिंडण्याआधी आचाऱ्याची पिशवी पाहा. अशा खेळांच्या डीव्हीडीवर पुष्कळदा 'रीडिस्ट' किंवा 'डायरेक्टएक्स' या नावाचा एक फोल्डर असतो. त्यात 'डीएक्ससेटअप' नावाचा प्रोग्राम असतो. तो चालवला की काम होते. आमच्याही डीव्हीडीवर तो होता! जे आम्ही परक्याच्या दारातून आणायला गेलो, ते पहिल्या दिवसापासून आमच्या हातातच होते. खेळ भरताना आलेला तो लांबलचक प्रश्न तेच द्यायला आला होता.

तिसरी गोष्ट, डीव्हीडी नसेल तर थेट मायक्रोसॉफ्टच्याच संकेतस्थळावर जा. तिथे 'डायरेक्टएक्स एंड-यूजर रनटाइम्स' हा संच विनामूल्य मिळतो. तो दोन प्रकारचा आहे. एक लहान. तो आधी तुमचा संगणक तपासतो आणि जेवढे नाही तेवढेच इंटरनेटवरून आणतो. दुसरा मोठा, 'जून २०१०' असे नाव असलेला, साधारण ९५ मेगाबाइटचा. ज्यांच्याकडे इंटरनेट धड चालत नाही त्यांच्यासाठी तो बरा. शहरातल्या नातेवाइकाकडून पेन ड्राइव्हवर मागवून घेता येतो. कोणाच्या नजरेला तारीख जुनी वाटेल. वाटू द्या. डी३डीएक्सची फाईल त्यानंतर नव्या नंबरची निघालीच नाही, तेव्हा शेवटचा संच तोच पुरा संच.

चौथी गोष्ट या मोठ्या संचाविषयी, कारण इथे भलेभले अडखळतात. तो चालवला की प्रथम विचारतो, 'सामान कुठे उघडून ठेवू?' त्यासाठी आधीच एक नवा रिकामा फोल्डर करून ठेवा आणि तो दाखवा. शंभराहून अधिक फायली त्यात येऊन पडतात आणि सारे शांत होते. लोकांना वाटते, झाले काम. नाही! आता कुठे पोती गाडीतून उतरली आहेत. त्याच फोल्डरात जाऊन 'डीएक्ससेटअप' शोधा आणि तो चालवा. तो परवानगी मागेल, ती द्या. अटी दाखवील, त्या वाचून मान्य करा. दोन-चार मिनिटांत काम संपते. सोबत दुसरे काही भरू का, असे विचारणारी एखादी खूण आधीच केलेली दिसली, तर ती काढून टाका. ही सवय कोणत्याही प्रोग्रामच्या बाबतीत चांगली.

आता काही शंका. जुना संच भरला तर नवी बारावी आवृत्ती बिघडणार नाही ना? नाही. तो संच नव्याला हात लावत नाही. जी भांडी मांडणीत नाहीत, ती शेजारी नेऊन ठेवतो, इतकेच. मग आपली आवृत्ती कोणती, हे कसे कळावे? विंडोजचे बटण आणि 'आर' एकदम दाबा. येणाऱ्या चौकटीत 'डीएक्सडायग' ही सहा अक्षरे इंग्रजीत लिहा आणि एंटर दाबा. जे पान उघडते त्यावर डायरेक्टएक्सची आवृत्ती असते. पण ते पान मूळ डायरेक्टएक्सची हजेरी घेते, मदतनीस फायलींची नाही. 'बारा' दिसले म्हणून त्रेचाळीस नंबरची फाईल आहेच, असे समजू नये. शेवटची शंका, भरलेला संच नको झाला तर काढता येतो का? सरळ वाटेने येत नाही. म्हणून भरण्याआधी विंडोजमध्ये एक रिस्टोअर पॉइंट करून ठेवावा, म्हणजे गरज पडली तर मागे येता येते.

एवढे करूनही खेळ चालला नाही तर? तर दोष कदाचित भांड्यांत नाही, चुलीत आहे. चित्र काढणाऱ्या कार्डाचा जो ड्रायव्हर असतो, तो निराळा. तो कार्डाच्या किंवा संगणकाच्या कारखानदाराकडूनच घ्यावा. आणि कार्डच जुने असेल, तर वरून कितीही संच ओता, त्याच्या अंगी नसलेले बळ येत नाही. कधी विंडोजचीच मर्यादा असते. दहावी डायरेक्टएक्स व्हिस्टाबरोबर आली, ती विंडोज एक्सपीवर मिळालीच नाही. त्या काळात कित्येकांनी ती एक्सपीवर बसवून देणारी 'युक्ती' शोधण्यात रात्री घालवल्या.

आणि ती एकटी सुटी फाईल आणण्यात वाईट काय, असे अजूनही कोणी म्हणेल. दोन गोष्टी वाईट. डीएलएल हा कागद नव्हे, चालणारा प्रोग्राम आहे. तुमच्या खेळाला तुमच्या घरात जितका मुक्तद्वार संचार, तितका तिलाही. ती कोणी घडवली, तिच्यात मागून काय मिसळले, हे परका दुकानदार सांगत नाही. दुसरे म्हणजे, ती हाताने ठेवायची जागाही फसवी. ६४ बिटांच्या विंडोजमध्ये 'सिस्टिम३२' नावाच्या फोल्डरात ६४ बिटांच्या फायली राहतात, आणि ३२ बिटांच्या राहतात त्या 'सिसवॉव६४' नावाच्या फोल्डरात! नावे वाचून ठेवायला जाल, तर उलटेच होईल. आमच्या पडद्यावरचे ते '७ बी' बहुधा त्याच उलटापालटीचे फळ. मूळ संच आपली भांडी आपणच योग्य जागी लावतो.

आमचा संगणक पुसून नव्याने भरल्यावर महिन्याभराने नातू पुन्हा आला. डीव्हीडीचे नाव काढायला तो तयार नव्हता. मीच ती काढली. आधी घरातल्या सगळ्या छायाचित्रांची एक नक्कल वेगळ्या डिस्कवर करून ती कपाटात ठेवली. मग खेळ भरायला घेतला. मध्येच तो ओळखीचा लांबलचक मजकूर आला. मी म्हटले, "मोठ्यानं वाच." त्याने अडखळत वाचले. मी एकेका वाक्याचा अर्थ विचारला, त्याने सांगितला. न कळलेले दोन शब्द आम्ही शब्दकोशात पाहिले. मग तो म्हणाला, "आजोबा, हे आपल्याला मदतच करतंय." आणि त्याने 'होय'वर टिचकी मारली.

पाच मिनिटांनी दिवाणखान्यात मोटारींचा असा गदारोळ उठला की शेजारचे डोकावून गेले.

वडिलांची छायाचित्रे परत आली नाहीत. पण त्या दिवसापासून आमच्या घरी एक नियम झाला आहे. संगणकाने काही विचारले, की जो कोणी समोर बसला असेल त्याने ते मोठ्याने वाचायचे. वाचून होईपर्यंत कोणी 'हो' म्हणायचे नाही आणि कोणी 'नाही'ही म्हणायचे नाही. तुमच्या घरी कपाटात नक्कल नसेल, तर ती आज रात्रीच करून ठेवा. बाकीचे सगळे सावकाश झाले तरी चालेल.